खाटेशेजारची जागा

कांदा काढणीचे दिवस आले आहेत. शाळा सकाळची झाली आहे, आणि भर दुपारी मंचरहून घोडेगावच्या रस्त्याने मोटरसायकलवर घरी येताना दोन्ही बाजूंनी उपटलेल्या कांद्याचा वास येतो. ओली माती, सुकत चाललेली पात आणि ऊन, या तिन्हींचा मिळून तो एक वास असतो. पूर्वी मला तो नुसता कांद्याचा वाटायचा. आता नाकात शिरला की दवाखाना आठवतो. खरं तर दवाखान्यात कांद्याचा वास कधीच नव्हता. तिथे फिनेल होतं, स्पिरिट होतं, उकळून गार केलेलं पाणी होतं. तरी आठवतो तो दवाखानाच. माझ्या बायकोला, अलकाला, रक्ताचा कॅन्सर निघाला तो अशाच काढणीच्या दिवसांत. कांद्याने भरलेल्या वावरातून उठवून मी तिला पुण्याला नेलं होतं.

अलका बरी आहे. हे आधीच सांगून टाकतो, वाचणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला लागायला नको. मी शाळेत ऑफ तासाला हे लिहितो आहे, आणि ती या वेळी वावरात असेल. तिचे केस पुन्हा दाट झाले आहेत, आवाज बांधाच्या पलीकडे जातो, आणि चालायला लागली की मी मागे पडतो.

मागच्या आठवड्यात आम्ही तपासणीला गेलो होतो. डॉक्टरांनी रिपोर्ट खालीवर पाहिले आणि म्हणाले, "आता सारखं यायची गरज नाही. वर्षातून एकदा या, दाखवून जा." अलकाने तिथल्या तिथे हात जोडले, देवाला की डॉक्टरांना कोण जाणे. बाहेर पडल्यावर तिने मला पेढे घ्यायला लावले, आणि पहिला पेढा फाटकावरच्या वॉचमनला दिला. मी हसत होतो. पण डॉक्टर ते वाक्य बोलले त्या क्षणी माझ्या आत काहीतरी मटकन खाली बसलं होतं. सुट्टी संपल्यावर पोरांचे चेहरे होतात तसा माझा चेहरा झाला असणार. मला ते कळलं आणि इतकी लाज वाटली की बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने मी खाली वाकलो.

मला लिहायचं आहे ते हेच. मला त्या दिवसांची ओढ लागते. माझ्या बायकोच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवसांची.

तो वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर होता. सकाळ व्हायची ती सिरिंजने. उजाडता उजाडता सिस्टर यायची, अलकाच्या दंडात बसवलेल्या नळीतून रक्त काढून न्यायची, आणि मग काउंटची वाट बघणं सुरू व्हायचं. काउंट म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा. औषध आधी त्या सगळ्या मारून टाकायचं. मग नव्या, चांगल्या पेशी उगवायची वाट बघायची, आणि त्या उगवल्या की पुन्हा औषध. मला हे काही केल्या पटत नव्हतं. पण अलका डोंगराकडच्या मढ गावची, भातशेतीतली. तिने पहिल्याच आठवड्यात मला समजावलं.

"राब भाजतात तसं हाय हे," ती म्हणाली. "आधी पालापाचोळा पसरून जमीन भाजायची. सगळं काळं झालं म्हंजे मग त्यात भात पेरायचं. न भाजता पेरलं तर निस्तं तणच येतं. तुमी डॉक्टरला लई प्रश्न विचारू नका."

बाहेरच्या पॅसेजमध्ये आम्ही नातेवाईक उभे असायचो. कुणी लातूरकडचा, कुणी नगरचा, एक कोकणातले रिटायर्ड मास्तर. बाजारभाव विचारावा तसं एकमेकांना विचारायचो, "तुमचा किती आला?" "आमचा आज पडला." "आमचा जरा वर सरकतोय." जणू काउंट आमचाच होता. ज्याचा चढला तो चहा पाजायचा, आणि ज्याचा पडला त्याला कुणी काही विचारायचं नाही, नुसता कप हातात द्यायचं.

दवाखान्याच्या मागच्या गल्लीत मी एक खोली भाड्याने घेतली होती. त्यात एक शेगडी, एक कुकर आणि एक पातेलं. अलकाला कच्चं काही चालत नव्हतं. कोथिंबीर नाही, काकडी नाही, बाहेरचं पाणी नाही, आणि कांद्याच्या वावरातून आलेल्या बाईला कच्च्या कांद्याची फोडसुद्धा नाही. जे द्यायचं ते कुकरमध्ये शिट्ट्या करून. मला आयुष्यात चहापलीकडे काही येत नव्हतं. माझी पहिली खिचडी खाऊन ती म्हणाली, "अहो, यापरीस ते औषध बरं."

पुढे तोंडात फोड आले, गिळता येईना, तेव्हा मढहून तिच्या भावाने तांदूळ पाठवला. त्याची पातळ पेज करायची, मीठ अगदी नावाला, आणि चमच्याने ओठांच्या कडेने आत सोडायची. एक वाटी पेज संपायला सबंध सकाळ लागायची. मला घाई नव्हती. वीस वर्षांच्या संसारात मी तिला कधी जेवताना पाहिलं नव्हतं. आमच्याकडे पुरुषांची पंगत आधी उठते आणि बायका मागून, आतल्या खोलीत बसतात. ती घास किती छोटा घेते आणि घास गिळताना डोळे मिटते, हे मला त्या वॉर्डात कळलं.

केस गळायला लागले तेव्हा उशी भरून जायची. तिने सांगितलं, काढून टाका. मीच काढले. नंतर तिच्या डोक्यावरून हात फिरवला तर ती म्हणाली, "कसं लागतंय?" मी म्हणालो, "बाळाच्या टाळूसारखं." असं काही मी बोलू शकतो याचं मलाच नवल वाटलं. घरी दिवसाउजेडी मी तिचा हातही कधी धरलेला नव्हता. इथे मी तिची नखं कापत होतो, पाय चेपत होतो, पातळ धुऊन वाळत घालत होतो, आणि शेजारी बोटात जाडजूड अंगठी असलेला नगरचा बागायतदार त्याच्या बायकोचा गाऊन पिळत उभा असायचा. आम्हाला एकमेकांची लाज वाटत नव्हती. गावाकडचं कुणी बघायला नव्हतं.

आणि दुपारी. दुपारच्या वेळी वॉर्ड शांत व्हायचा, सलाइन थेंब थेंब उतरत राहायचं, आणि खाटेशेजारी मी बसलेला असायचो. मला आठवतात त्या या दुपारी. अलका बोलायची. आधी कांद्याचंच. पात सुकली का, साठवणीच्या बराखीत भरला का, खालचा कांदा हवेशीर ठेवला का. मी फोनवर चौकशी करून सांगायचो. मग हळूहळू ती मागे जायची. मढचं धुकं, इरलं पांघरून शाळेत जाणं, लावणीला चिखलात पाय रुतून चप्पल कायमची जाणं. एकदा मी उगाच विचारलं, "लहानपणी तुला काय आवडायचं?"

"पवायला," ती म्हणाली.

"तुला पोहता येतं?"

"व्हय की. डोहात खालवर जायचे मी. भाऊ बी मागं पडायचा."

 डिंभ्याचं धरण झाल्यापासून आमच्या गावाखाली घोड नदीला पाणी असतं. ती वीस वर्षं त्या नदीवर धुणं धुवायला जात होती. घोट्याच्या वर ती कधी पाण्यात गेली नव्हती. सून पाण्यात उतरत नाही, एवढंच कारण. आणि तिला पोहता येतं हे मला ठाऊक नव्हतं. तिने सांगितलं नव्हतं असं नाही म्हणता येणार. मी विचारायला बसलोच नव्हतो.

गावची माणसं भेटायला आली तो दिवस मी विसरणार नाही. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला न जाणं म्हणजे संबंध तोडणं. मंचरच्या बाजारात कांदा घालून रिकामी झालेली पिकअप तशीच पुण्याला आली, मागे उभे पुरुष, पुढे कोंबलेल्या बायका. डॉक्टरांनी तर दारातसुद्धा कुणाला येऊ देऊ नका म्हणून बजावलेलं. मी फाटकावर आडवा उभा राहिलो.

"पाच मिंटं बघू द्या, सर," आमच्या शेजारच्या हिराकाकू म्हणाल्या. त्या आणि अलका वावरात कायम जोडीने असतात.

"काकू, तिला कुणाचाही संसर्ग होईल. आत सोडत नाहीत."

"आमाला काय रोग हाय व्हय? आंगुळी करून आलोय समदी."

"तसं नाही काकू..."

"मग कसं? गावात जाऊन काय सांगू, फाटकावरनं हाकललं म्हनून?"

त्यांना तसंच परत पाठवलं असतं तर पुढे गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. मी त्यांना खालच्या फुटपाथवर एका ओळीत उभं केलं, वर गेलो, आणि अलकाला मास्क लावून चाकाच्या खुर्चीवरून पॅसेजच्या खिडकीशी आणलं. खाली सगळ्यांनी हात वर केले. हिराकाकूंनी पिशवीतून पातीसकट कांद्याची जुडी काढली आणि दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरली. आमच्याच वावरातली. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली.

अलका काचेला नाक लावून बघत राहिली. "पात हिरवी हाय अजून," ती म्हणाली. "घाईनं उपटला मेल्यांनी. टिकायचा न्हाई." आणि मग ती रडायला लागली. आजाराचं नाव कळलं तेव्हा ती रडली नव्हती, केस गेले तेव्हाही नाही.

परत जाण्याआधी त्यातल्या पुरुषांनी रक्तपेढीत जाऊन रक्त दिलं. हे कळल्यावर संध्याकाळी तिला जरा हुशारी आली. "आता माझ्यात कुनाकुनाचं रगत फिरतंय कुनास ठावं," ती म्हणाली. "भावकीशी भांडायची बी सोय न्हाई राहिली."

हे मी लिहितोय तेव्हा सगळं गोड वाटतंय. म्हणून उरलेलंही लिहायला हवं. शेजारच्या खाटेवर एक मावशी होत्या, अलकाला गोधडीचे टाके शिकवायच्या. एका दुपारी त्यांच्या खाटेभोवती पडदा ओढला गेला. बरीच धावपळ झाली, आणि मग एकदम काहीच आवाज येईना. अलका जागी होती. तिने मला विचारलं, "मावशीला घरी नेलं?" मी हो म्हणालो. तिने माझं मनगट धरलं. पुढे चादर बदलली, गादीवर औषध मारलं, तरी तिने ते सोडलं नाही. तिची पकड इतकी घट्ट होती की मनगटावर बोटं उमटली. ती मरायला घाबरत होती आणि माझ्याखेरीज तिला धरायला काही नव्हतं. त्या वेळी मला भीती वाटली, दुःख झालं, हे सगळं खरं. पण त्याच्या खाली कुठेतरी मी सुखी होतो. कुणालातरी मी इतका हवा होतो. एका बाईचा जीव गेलेला, दुसरीचा टांगणीला, आणि मी मनगटाकडे बघत बसलेलो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मग काउंट चढले, पुन्हा पाडले, पुन्हा चढले. आत-बाहेर करत वर्ष गेलं, पुढे घरी गोळ्या चालू राहिल्या, आणि एक दिवस त्याही बंद झाल्या. अलका वावरात गेली. पहिल्या दिवशी बांधावर नुसती बसून आली, महिन्याभरात खुरपं हातात. माझ्या आईने तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. चाकणला कंपनीत असलेला आमचा मुलगा आला, फोटो काढले. सगळं होतं तसं झालं, आणि तसं होताना ती माझ्यापासून निघून गेली.

निघून गेली म्हणजे कुठे गेली नाही. घरातच आहे. पण पहाटे ती गोठ्यात आणि मी शाळेच्या तयारीत. मी घरी येतो तेव्हा ती वावरात. ती घरी येते तेव्हा ओट्यावर माझ्याभोवती माणसं. दिवस मावळल्यावर तिची पाठ टेकते तीच झोपेत. "डबा भरलाय." "मोटर चालू करा." "आईंच्या गोळ्या संपल्यात." आमच्यात एवढीच वाक्यं. तपासणीला जायचं असलं की मात्र आम्ही दोघंच. एसटीत शेजारी, दवाखान्याच्या बाकावर शेजारी, नंबर यायला तास दीड तास लागणार म्हणून मी आतून खूश. त्या बाकावर ती मला काहीतरी सांगायची. अमक्याच्या लग्नात काय झालं, तिला कसलं स्वप्न पडलं. डॉक्टर म्हणाले वर्षातून एकदा या, तेव्हा माझ्याकडून तो बाक काढून घेतला गेला.

तिने ओळखलं होतं. मंचरला स्टँडवर लावलेली मोटरसायकल काढून घरी निघालो तेव्हा मागून तिने विचारलं, "तवा तोंड का पाडलंत?" ट्रकच्या आवाजात मला ऐकू आलं नाही असं मी दाखवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यात ती धार काढत होती. मी जाऊन उभा राहिलो आणि सांगून टाकलं.

"मला ते दिवस आठवतात गं."

"कंचे?"

"दवाखान्यातले. आपण बसायचो, बोलायचो..."

बादलीतला धारेचा आवाज थांबला.

"मला अजून लाल सरबत बघितलं की मळमळतं," ती म्हणाली. "नळीतनं सोडायचे त्या लाल औषधापायी. लग्नात कुनी गलास पुढं केला तर तोंड फिरवते मी. आन तुमाला ते दिवस आठवत्यात."

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हनता?"

इतकी वर्षं मी मराठी शिकवतो. मी दावणीची गाठ उगाच चाचपत राहिलो.

"मी तिथं मरत व्हते," बादली उचलत ती म्हणाली, "आन तुमाला करमत व्हतं." आणि निघून गेली.

त्यानंतर दोन-तीन दिवस ताट वेळेवर येत होतं, डबा वेळेवर भरला जात होता, आणि माझ्याकडे बघितलं जात नव्हतं. मी विचार करत राहिलो. ती बरोबर होती. तिला तिथून तिचं वावर दिसत नव्हतं, मढ दिसत नव्हतं, उद्या दिसत नव्हता. माझी सुखाची जागा म्हणजे तिचा तुरुंग. पण मला आजार परत नको होता, मला ती जागा हवी होती. आमच्या गावात दिवसाउजेडी नवरा-बायकोने शेजारी बसावं अशी जागाच नाही. देवळात पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. पंगती वेगळ्या. कांदा काढणीतसुद्धा बायका ओळीत बसून पात कापतात, आणि पुरुषांनी क्रेट भरून वाहायचे. मी रविवारी क्रेट वाहतो. तिच्यासमोरून दिवसभर ये-जा करतो, आणि थांबत नाही.

काल रविवार होता. मी क्रेट उचलायला ओळीशी वाकलो, तेव्हा मान खाली ठेवूनच अलका म्हणाली, "अहो."

चारचौघांत ती मला कधी हाक मारत नाही. सगळ्या बायकांचे विळे थांबले.

"बसा," ती म्हणाली.

"कुठं?"

"हितं. का दवाखान्यातच बसता येतं तुमाला?"

मी क्रेट धरून तसाच उभा. तिने बाजूचा ढीग हाताने सारला, जमीन मोकळी केली.

"बोलायचं असलं तर सरळ म्हनावं, बसायचंय म्हनून," ती कांदा कापत म्हणाली. "त्यापायी मला परत आजारी कशाला पाडता?"

मी बसलो. हिराकाकूंनी पदर तोंडाला लावला. "आगं बया! सर आमच्या ओळीत! पर सर, बायकांचा रोज मिळंल बरं का, गड्याचा न्हाई."

"कापता तरी येतंय का बघा आधी," दुसरी म्हणाली. "बोटं गेली तर उद्या खडू कशानं धरनार?"

बांधावरून क्रेट नेणारे गडी वळून वळून बघत होते.  अलकाने स्वतःचा विळा मला दिला आणि दुसरा उचलला. पात कुठे धरायची, किती देठ ठेवायचा, हे एकदा करून दाखवलं. मी कापायला लागलो. तिचे पाच होईपर्यंत माझा एक होत होता.

"बोला की आता," ती म्हणाली.

सगळी ओळ कान देऊन बसली होती. मला एकही शब्द सुचेना. दवाखान्यात मला काही सुचावं लागत नव्हतं. तिथे मरण आमच्यात तिसरं बसलेलं असायचं आणि तेच आम्हाला बोलतं करायचं. आता ते उठून गेलं होतं, आणि बोलायचं काम माझ्यावर आलं होतं.

"ऊन लई झालंय," मी म्हणालो.

सगळी ओळ हसत सुटली. हिराकाकू तर मातीत आडव्या झाल्या. "एवढं सांगायला बसला व्हय, सर! आमी म्हनलं, काय तरी गुपित काढत्यात!" अलका हसता हसता मागे कलली, विळा खाली ठेवला, मनगटाने डोळे पुसले आणि पुन्हा हसली. मीही हसलो. मग आम्ही कापत राहिलो. ती मधेच काहीतरी बोलली, पलीकडच्या वावरातल्या कुणाच्या तरी बैलाबद्दल. मी काहीतरी विचारलं. तिने सांगितलं.

उन्हं कलली तेव्हा मी उठलो. पाठ धरली होती, दोन बोटांना चिरा पडल्या होत्या. विळा तिच्या हातात देत मी म्हणालो, "उद्या शाळा आहे."

"सकाळचीच ना?" पुढचा कांदा उचलत ती म्हणाली. "मग दुपारी या. मी काय, हाय हितंच."